निरीक्षणाखाली ठेवलेली खुर्ची

४ मार्च, सोमवार

आजपासून रोजनिशी. कारण आजपासून लिहून ठेवण्यासारखं काही घडायला लागलंय.

सकाळी मोठ्या साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. आरोग्य विभागात नवीन टेबल उघडलंय. लोक भाड्याच्या घरात चोरून ड्रग्ज शिजवतात, पोलीस त्यांना उचलून नेतात, पण ते विष भिंतीत, छतात, गाद्यांत मुरून राहतं. घर साफ करणार कंत्राटदार. ते खरंच साफ झालं की नाही, यावर देखरेख आपल्या विभागाची. म्हणजे आता माझी. मी पास म्हटल्याशिवाय त्या घरात कोणी पाऊल टाकायचं नाही.

साहेब म्हणाले, या कामासाठी तुमच्याशिवाय दुसरं कोणी डोळ्यांसमोर आलं नाही. खरंच आहे. एकाची कंबर धरलीय, दुसरा रजेवर गेलाय, तिसऱ्याला शुक्रवारपासून अचानक दमा निघालाय. योगायोग.

पहिली केस लगेच. बेकरीमागचं बैठं घर. मालकीणबाई निवृत्त शिक्षिका, गणिताच्या. आजारी बहिणीची सेवा करायला परगावी गेल्या आणि घर सामानासकट भाड्याने दिलं. भाडेकरू म्हणाले, साबण तयार करतो. गल्लीभर वास सुटला तरी लोक म्हणत राहिले, साबण चांगला कडक असणार. आता पोलिसांनी भाडेकरू नेले आणि बाई भाचीच्या घरी पॅसेजमध्ये फोल्डिंगच्या खाटेवर झोपतात.

संकल्प: महिनाअखेर बाई स्वतःच्या घरात. मोहिमेला नावही सुचलं. ‘शून्य कण’. वर्षाअखेर उत्कृष्ट अधिकारी म्हणून कोणाचा सत्कार होईल, ते मी लिहीत नाही. समजून घ्यावं.

५ मार्च, मंगळवार

घर पाहिलं. आत जायला पांढरा सूट, मास्क, बूट, हातमोजे. सूटची चेन पोटापर्यंत आली आणि थांबली. सरकारी माप. शेवटी सूट पंचासारखा खांद्यावर टाकला, नाकाला रुमाल लावला आणि आत गेलो.

कंत्राटदार मात्र नखशिखांत पॅक, वर भला मोठा चष्मा. हा आधी हॉस्पिटलच्या फरश्या पुसायची कामं घ्यायचा, म्हणून ऑफिसात त्याला फिनेल म्हणतात. म्हणाला, साहेब, असे उघडे नका येऊ. मी म्हटलं, बाबा रे, माझं नाक हेच माझं यंत्र. वीस वर्षं हॉटेलांची स्वयंपाकघरं हुंगलीत.

भिंती पिवळ्या. छतावर तपकिरी ओघळ. मांजर मुतल्यासारखा वास. बाहेर आल्यावर डोकं गरगरलं, पण ते उपाशीपोटी.

दारावर नोटीस चिकटवली. मसुदा माझा. तिसरी ओळ विशेष साधलीय: ‘या घरातील कोणतीही वस्तू, कितीही लहान असो, कोणत्याही कारणाने बाहेर नेता येणार नाही.’ त्यातलं ‘कितीही लहान असो’ मला चहा पिताना सुचलं. असिस्टंटला वाचून दाखवलं. ती माझ्याच वयाची, बोलणं बेतास बात. म्हणाली, यात सवलत कोणालाच नाही का? मी म्हटलं, सवलत दिली की नियम मेला. तिने मान डोलावली.

७ मार्च, गुरुवार

मालकीणबाई ऑफिसात आल्या. ताठ बसतात. माझ्या टेबलावरचे कागद सरळ करून ठेवले, बहुधा सवयीने.

एकच मागणं घेऊन आल्या. घरातलं काहीही जाळा, पण नवऱ्याची आरामखुर्ची तेवढी मिळेल का? शेवटच्या आजारात ते दिवसभर त्या खुर्चीतच असायचे.

मी त्यांना शास्त्र समजावून सांगितलं. मखमलीसारख्या वस्तू विष शोषून घेतात आणि मग महिनोन् महिने हळूहळू सोडत बसतात. मोठ्या माणसाला डोकेदुखी, झोप उडणं. लहान मुलांना सगळ्यात वाईट. ती रांगतात, हात लावतात, तोच हात तोंडात घालतात. भाचीकडे लहान मूल आहे ना? मग विचारच करू नका. बोलताना मला स्वतःचंच कौतुक वाटत होतं. इतकं सोपं करून सांगायला जमतं किती जणांना?

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण आवाज सरळ होता. म्हणाल्या, मग तोडूनच टाका. कोणालाही देऊ नका, कोणाचंही पोर त्यात बसायला नको. तुमच्या डोळ्यांदेखत तोडा एवढंच करा.

मी वचन दिलं. या नोकरीत असे क्षण येतात.

११ मार्च, सोमवार

सामान काढायला सुरुवात. फिनेलच्या माणसांनी गाद्या फाडल्या, सोफा फोडला. मग खुर्ची आली.

काय खुर्ची आहे. शिसवी लाकूड, हिरव्या मखमलीची पाठ, हातांना झालर. मी बसून पाहिलं, कारण न बसता निर्णय घेणं अन्यायाचं झालं असतं. पाठीला अशी लागली की जणू माझंच माप घेऊन केलीय. सरकारी सूटवाल्यांनी शिकावं.

मग विचार केला. परिपत्रकात आहे, शोषणाऱ्या वस्तू नष्ट कराव्यात. मखमल शोषते, मान्य. पण लाकडाचं काय? लाकडाबद्दल परिपत्रक गप्प आहे. ही खुर्ची अर्धी शोषणारी, अर्धी न शोषणारी. अशा सीमेवरच्या वस्तूवर आधी शास्त्रीय निरीक्षण व्हायला हवं. निरीक्षण करायचं कुठे? ऑफिसात धड उभं राहायला जागा नाही. शेवटी घराची अडचण सोसून मीच तयार झालो.

फिनेलला म्हटलं, नष्ट केली असं लिही. त्याने चष्म्याआडून माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग हातमोजे न काढता खुर्ची टेम्पोत चढवली, वर ताडपत्री टाकली आणि लांब जाऊन उभा राहिला.

मालकीणबाईंना दिलेलं वचन मोडलं का? मुळीच नाही. खुर्ची माझ्या डोळ्यांदेखत हवी होती. ती आता चोवीस तास माझ्या डोळ्यांदेखत राहील.

१२ मार्च, मंगळवार

हिने विचारलं, ही कुठून आणलीत? सरकारी लिलावातून, असं सांगितलं. ही म्हणाली, वास येतोय. मी म्हटलं, जुन्या लाकडाला असतोच. ही म्हणाली, जुन्या लाकडाला मांजराचा वास नसतो. नाकाने कांदे सोलायची सवय आहे हिला.

स्प्रे मारला. आता गुलाबाच्या बागेत मांजर आल्यासारखं वाटतं. जाईल हळूहळू.

रोजनिशी यापुढे याच खुर्चीत बसून लिहायची. वही ठेवायला हाताशेजारी खण आहे. निरीक्षण आणि लेखन एकाच बैठकीत.

१६ मार्च, शनिवार. पहाट

कमालीचा उत्साह आहे. खुर्चीत बसलं की प्लॅनवर प्लॅन सुचतात. ‘शून्य कण’चं बोधचिन्ह काढलं, पोस्टर लिहिलं, सत्काराच्या वेळचं भाषणही तयार. चार दिवस झोप अशी नाही, पण थकवाही नाही. हृदय जरा धडधडतं. बढतीची चाहूल लागली की होतं तसं.

हिचे डोळे चुरचुरतात. सारखा मोबाइल.

१७ मार्च, रविवार

लेक आली, नातीला घेऊन. जावई कामासाठी परदेशी गेलेत, त्यामुळे दोन महिने इथेच. नात नऊ महिन्यांची. घरभर रांगते. माझ्याकडे बघून हसली आणि मला भरून आलं. हे पिल्लू आमच्या घराण्यात आल्यापासून मला खोटं बोलवत नाही.

दुपारी तर कमालच झाली. रांगत रांगत थेट खुर्चीपाशी गेली, झालरीला धरलं आणि उभी राहिली. आयुष्यात पहिल्यांदा. आजोबांच्या खुर्चीला धरून. मग झालर तोंडात घालून चोखत बसली. मी हिला ओरडून बोलावलं, फोटो काढले, जावयांना पाठवले. लेक म्हणाली, बाबा, ती झालर धुतलेली आहे का? मी म्हटलं, सरकारी देखरेखीखाली आहे.

२० मार्च, बुधवार

सफाई संपली. आज तपासणीचे नमुने. पद्धत अशी, की ओल्या कापसाने ठरावीक जागा पुसायची, कापूस बाटलीत, बाटली प्रयोगशाळेत. तीन नमुने त्या घरातले. चौथा एखाद्या हमखास स्वच्छ घरातला, तुलनेसाठी.

यात वशिलेबाजी होऊ नये म्हणून मी ‘गुप्त पद्धत’ काढली. बाटलीवर जागेचं नाव नाही. असिस्टंट चिठ्ठ्या टाकून अ, ब, क, ड अशी अक्षरं देणार. कुठलं अक्षर कुठल्या जागेचं, ते फक्त तिला ठाऊक. चारही बाटल्या पास झाल्याशिवाय तिने ते कोणालाही सांगायचं नाही, मलासुद्धा नाही. ती म्हणाली, आणि काही गडबड निघाली तर? मी म्हटलं, तर मुळीच नाही. गडबडीतच तर दबाव येतो. तिला लेखी आदेश दिला.

हमखास स्वच्छ घर कुठलं घ्यायचं, असं तिने विचारलं. मी हसलो. ही दिवसातून दोनदा फरशी पुसते. आमच्याच हॉलमधला नमुना घेऊन टाक म्हटलं. तिने खुर्चीशेजारचं कपाट पुसलं. तिने बेकरीमागचं घर रिकामं झाल्यावरच पाहिलेलं, त्यामुळे खुर्ची ओळखायचा प्रश्न नव्हता. छान आहे म्हणाली. मी म्हटलं, बसून बघा. ती म्हणाली, नको, उभी बरी.

२५ मार्च, सोमवार

प्रयोगशाळेतून फोन. अ, ब, ड स्वच्छ. क मर्यादेच्या कितीतरी पट वर. फोनवरच्या बाई म्हणाल्या, त्या जागी कोणी राहत नाही ना? मी म्हटलं, छे, सीलबंद आहे. त्या म्हणाल्या, मग ठीक.

फिनेलला बोलावून असा झाडला की बाहेरचे टायपिस्ट टाइप करायचे थांबले. तो सांगत होता, साहेब, मी छतसुद्धा खरवडलंय, तुमची शप्पथ. माझी शपथ कशाला? चोराच्या उलट्या बोंबा.

असिस्टंट उठून उभी राहिली. म्हणाली, सर, त्या क बद्दल… मी हात वर केला. तिला लेखी आदेशाची आठवण दिली. ती म्हणाली, सर, ऐकून तरी घ्या. मी मेमोचा कागद पुढे ओढला. ती बसली.

मालकीणबाईंना फोन केला. महिनाअखेर जमणार नाही. पुन्हा सफाई. त्या म्हणाल्या, बरं. भाचीच्या नवऱ्याने पॅसेजमध्ये फ्रिज आणायचं ठरवलंय, तोवर खाट तिथेच राहील. मला वाईट वाटलं. पण दयेने विष निघत नाही.

२८ मार्च, गुरुवार

पिल्लूची तब्येत बरी नाही. अंगावर लाल पुरळ, झोप नाही, दूध ओकते. रडून रडून आवाज बसलाय. मला बघवत नाही. मी तिला घेऊन खुर्चीत डोलत बसतो. माझ्या हातात तरी शांत व्हायला हवी. होत नाही.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, घरात नवीन रंग, औषध फवारणी, असं काही? मी सांगितलं, मॅडम, तुम्ही कोणाच्या घराबद्दल बोलताय ते आधी विचारा. दात येत असतील. लेक म्हणाली, ती खुर्ची आल्यापासून माझंही डोकं दुखतंय, गॅलरीत ठेवू या. मी म्हटलं, मखमलीला ऊन लागेल. खरं कारण तिला कसं सांगणार? निरीक्षणात खंड पडला असता.

ही नुसती बघत राहिली. एवढ्या वर्षांच्या संसारात तिचं हे बघणं मला कधीच झेपलेलं नाही.

संकल्प: उद्यापासून नातीला रोज जास्त वेळ मांडीवर घ्यायचं.

५ एप्रिल, शुक्रवार

दुसरी सफाई. फिनेलने भिंतींचा गिलावासुद्धा उतरवलाय. विटा दिसतात. नमुने पुन्हा त्याच जागांचे, अक्षरं तीच. आमच्या घरचाही. असिस्टंट कपाट पुसताना आतल्या खोलीत बाळ रडत होतं. तिने विचारलं, किती दिवस झाले हो रडतंय? मी म्हटलं, दात. तिने मला चहाच्या कपासकट बाजूला घेतलं आणि म्हणाली, सर, मेमो द्या हवा तर, पण क म्हणजे… मी कानांत बोटं घातली. शब्दशः घातली. तत्त्वाचा प्रश्न होता.

१० एप्रिल, बुधवार

पुन्हा क. आणि या वेळी आकडा मागच्यापेक्षाही वर. दोनदा खरवडून विष वाढलं? याचा अर्थ सरळ आहे. विष पायापर्यंत गेलंय. आता सफाईने भागणार नाही. घर पाडावं लागेल.

दुपारी शिफारस लिहिली. सोमवारी मोठ्या साहेबांपुढे सुनावणी. पहिलीच केस आणि थेट पाडकाम. मन घट्ट करावं लागतं.

संध्याकाळी मालकीणबाई आल्या. नोटीस त्यांना मिळाली होती. वाद घातला नाही, रडल्या नाहीत. टेबलासमोर नुसत्या बसल्या. मग म्हणाल्या, मी शाळेत पोरांना सांगायची, उत्तर चुकलं तर आधी उदाहरण नीट उतरवून घेतलंय का ते बघा. तुम्ही बघितलंत ना? मी म्हटलं, दोनदा. त्या म्हणाल्या, माझ्याकडे दुसरं घर नाही हो. मी फाइल बंद केली.

जाताना दाराशी थांबल्या. खुर्ची तोडली ना नक्की? मी म्हटलं, माझ्या डोळ्यांदेखत. त्या म्हणाल्या, चला, एवढं तरी झालं.

ते वाक्य लिहिताना हात खुर्चीच्या झालरीवर होता. उगीच अस्वस्थ वाटलं. पित्त असावं.

१५ एप्रिल, सोमवार. दुपार

ऑफिसच्या संडासात बसून लिहितोय. दुसरीकडे कुठे दार लावता येत नाही.

सुनावणीत मी पंचवीस मिनिटं बोललो. पोस्टर दाखवलं. मालकीणबाई पहिल्या रांगेत, मांडीवर पर्स धरून. फिनेल मागे उभा. मोठे साहेब म्हणाले, पाडकामाचा विषय आहे तर अक्षरं उघडा. मी म्हटलं, चारही पास झाल्याशिवाय… साहेब म्हणाले, बसा हो.

असिस्टंट उठली. अ न्हाणीघर, ब स्वयंपाकघर, ड बैठकीची खोली. तिन्ही दोन्ही वेळा स्वच्छ. बाईंचं घर पहिल्याच सफाईत पास होतं. क म्हणजे सरांचं घर.

मी म्हटलं, बाटली बदलली असेल. साहेबांनी विचारलं, तुमच्या घरात काय आहे? मी म्हटलं, कुटुंब. मागून फिनेल खोकला. म्हणाला, साहेब, ती खुर्ची.

मालकीणबाई वळल्या आणि माझ्याकडे बघितलं. रागाने नाही, तेच अवघड गेलं. म्हणाल्या, तुमच्या घरी लहान मूल आहे का? मी हो म्हटलं. त्या उठल्या आणि म्हणाल्या, मग इथे काय करताय, फोन करा घरी.

फोन हिने उचलला. खुर्ची सोडून सगळं सांगितलं, मग खुर्चीही सांगितली. पलीकडे पिल्लूचं रडणं ऐकू येत होतं. मी तिला त्याच खुर्चीत घेऊन बसत होतो. तिला बरं वाटावं म्हणून बसत होतो.

१६ एप्रिल, मंगळवार

आमच्या दारावर नोटीस. असिस्टंटने चिकटवली. मसुदा माझाच. अक्षर ठळक आहे, लांबून वाचता येतं. शेजाऱ्यांनी लांबूनच वाचलं.

सगळे अंगावरच्या कपड्यांनी बाहेर. मग तेही कपडे बदलायला लावले. लेक हॉस्पिटलमधून परत आली ती पिल्लूची गोधडी न्यायला. तिच्याशिवाय पोर झोपत नाही. एवढीशी गोधडी, कडेला ससा. लेक म्हणाली, बाबा, तुम्ही साहेब आहात ना, एवढी आणून द्या. मी असिस्टंटकडे बघितलं. तिने तिसऱ्या ओळीवर बोट ठेवलं. कितीही लहान असो. कोणत्याही कारणाने.

मी म्हटलं, काही सवलत नाही का? ती म्हणाली, सर, सवलत दिली की नियम मेला. टोमणा नव्हता. तिचे डोळे भरले होते.

खिडकीतून ससा दिसत होता. लेक तशीच निघून गेली.

२१ एप्रिल, रविवार

लॉजवर आहे. खोलीत खाट, बादली, एक डुगडुगणारं टेबल आणि एक प्लॅस्टिकची खुर्ची. निलंबनाच्या कागदाची घडी टेबलाच्या पायाखाली सरकवून ते सरळ केलं.

पिल्लूच्या रक्तात थोडं सापडलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वेळेत बाहेर काढलं, उतरेल, पण लक्ष ठेवावं लागेल. पुढे काही राहील का? आत्ता सांगता येत नाही, म्हणाल्या. हे वाक्य मी लोकांना शेकडो वेळा ऐकवलंय. ऐकायला वेगळंच लागतं.

लेक फोन घेत नाही. ही बहिणीकडे आहे, आणि माझ्याशी फक्त हो-नाही बोलते. परवा एक पूर्ण वाक्य बोलली. म्हणाली, लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. मला ते वाक्यसुद्धा बरं वाटलं.

आमचं घर फिनेल साफ करतोय. सोफा फोडला, गाद्या फाडल्या. खुर्ची सगळ्यात आधी तोडली. मला रस्त्यापलीकडे उभं केलं होतं. मी ओरडून सांगितलं, लग्नातला अल्बम तेवढा बघ. तो चष्म्याआडून म्हणाला, साहेब, कागद शोषतो. गोधडीही गेली.

संकल्प: यापुढे कुठलाही संकल्प करताना हिला विचारायचं.

३० एप्रिल, मंगळवार

मालकीणबाई स्वतःच्या घरी राहायला गेल्या. ही त्यांच्याकडे माफी मागायला गेली होती, माझ्या वतीने. माझ्या वतीने आजवर बहुतेक गोष्टी हिनेच केल्यात. बाईंनी चहा पाजला आणि म्हणाल्या, मागची खोली रिकामी आहे, तुमचं घर होईपर्यंत राहा. लेकीला आणि बाळालाही आणा. दोनदा तपासलेलं घर आहे, गावात याच्याइतकं स्वच्छ घर दुसरं नाही.

म्हणजे माझं सगळं कुटुंब आता मी पाडायला निघालो होतो त्या घरात राहतं.

मला आत यायला बाईंच्या अटी. आंघोळ करून, नवे कपडे घालून यायचं. जुन्या घरातली कुठलीही वस्तू अंगावर नको. आज सगळं पाळून गेलो. फाटकाशी उभा होतो. खिडकीतून पिल्लू दिसलं. पुरळ गेलंय. भिंतीला धरून उभी होती, दुसरा कसलाही आधार नाही, नुसती स्वच्छ भिंत. मला बघून लेकीने तिला उचलून आत नेलं नाही. एवढंही पुष्कळ झालं. मी चप्पल काढली.

बाईंनी विचारलं, खिशात काय आहे?

ही वही. नोटीस लागली त्या दिवशी कोटाच्या आतल्या खिशात राहिली, कपडे बदलताना मी ती मुठीत लपवून बाहेर काढली. एवढीशी तर आहे. तेव्हापासून लॉजवर उशीखाली. मी समजावून सांगू लागलो, की यात एका मोहिमेचा इतिहास आहे, पुढच्या अधिकाऱ्यांना उपयोगी पडेल, शिवाय पुठ्ठा जाड आहे आणि पुठ्ठ्याबद्दल परिपत्रकात…

बाई ऐकून घेत होत्या, फळ्यासमोर चुकणाऱ्या मुलाचं ऐकतात तसं. ही त्यांच्या मागे उभी होती, पिल्लूला कडेवर घेऊन. पिल्लूने माझ्याकडे हात केले.

शेवटची ओळ लिहायला पाच मिनिटं मागून घेतली. ओट्यावर बसून लिहितोय. बाईंनी पाण्याची बादली आणून समोर ठेवलीय आणि पदर खोचून उभ्या आहेत. म्हणाल्या, घाई नाही, पण फाडायची ती माझ्या डोळ्यांदेखत.